लोकनाट्य तमाशा मंडळ : फलकावरच्या दोन शब्दांचा इतिहास

खानदेशात यात्रेच्या हंगामात तमाशाच्या तंबूपुढे जो भलामोठा फलक उभा राहतो, त्यावर मालकाचे आणि गावाचे नाव कोणतेही असो, शेवटचे शब्द बहुधा ठरलेले असतात : 'लोकनाट्य तमाशा मंडळ'. एकाच वस्तूची दोन नावे शेजारीशेजारी. दुकानावर 'भांडार' असे लिहिल्यावर कोणी पुन्हा 'दुकान' लिहीत नाही. मग इथेच हा दुहेरी खटाटोप कशासाठी? या दोन शब्दांच्या मधल्या फटीत एक सरकारी बंदी आहे, एका विधिमंडळातला सभात्याग आहे, आणि कोणी कोणाला हसावे याविषयीचे शंभर वर्षांचे भांडण आहे.

जळगाव शहराला चिकटलेल्या पिंप्राळ्याचा प्रसिद्ध रथ आषाढी एकादशीला निघतो, तेव्हा फड मिटलेले असतात. तमाशाचे वर्ष दसऱ्याला उघडते आणि वैशाखात संपते. मधल्या काळात दत्तजयंतीला तापीकाठची सारंगखेड्याची यात्रा आणि त्यानंतर गावोगावच्या लहानमोठ्या जत्रा अशा वाटेने फड फिरत राहतात. या मुलखात राजा बोलतो प्रमाण मराठीत आणि सोंगाड्या उत्तर देतो अहिराणीत. हा केवळ विनोदाचा भाग नव्हे. दरबाराची भाषा आणि गावाची भाषा समोरासमोर उभ्या राहतात, आणि दर वेळी गावाची भाषा जिंकते. २०११च्या जनगणनेत खानदेशी ही मातृभाषा सांगणाऱ्यांची संख्या सुमारे १८ लाख ६० हजार होती. शहरी नाटकात हीच बोली बराच काळ गड्याच्या किंवा मोलकरणीच्या तोंडी, हसू आणण्यापुरती येत असे. फडावर तीच बोली हसणाऱ्याची होती. फरक लहान दिसतो. पुढचा सगळा इतिहास त्याच फरकाचा आहे.

तमाशाचा क्रम ठरलेला : गण, गौळण, बतावणी, वग. त्यातला वग लिहिलेला नसे. कथेचा सांगाडा सर्वांना ठाऊक, संवाद त्या त्या रात्रीचे. सोंगाड्याने समोर बसलेल्या पाटलाकडे पाहून राजाला टोमणा मारावा आणि कोणता राजा ते प्रेक्षकांनी ओळखावे, ही त्याची खरी कमाई. ही मोकळीक कोणत्याही कायद्याने दिलेली नव्हती. ती टिकली होती ती शब्द कागदावर नसल्यामुळे. सकाळी विचारणा झाली तर दाखवायला काहीच नसे.

पण या हास्याची दुसरी बाजूही तितकीच जुनी आहे. गौळणीत कृष्णाचा सवंगडी पेंद्या लंगडतो, बोबडे बोलतो आणि त्यावर हशा पिकतो. लुगडे नेसलेला पुरुष 'मावशी' म्हणून येतो आणि टाळी वाजवतो, त्यावरही हशा. बतावणीत जातीची नावे, जातीचे धंदे, जातीच्या बोलण्याच्या लकबी हा तर हुकमी माल. आणि हे सादर करणारे कलावंत बहुतांशी महार, मांग, कोल्हाटी समाजांतले. रात्री मंचावर राजाला मूर्ख ठरवणारा माणूस सकाळी त्याच गावात पाणी ओंजळीतच घेत असे. राजाला हसण्याची मुभा आणि स्वतःवर हसून घेण्याची सक्ती, दोन्ही एकाच सुपारीत येत.

ब्रिटिश सरकारला या जातींच्या विनोदाशी कर्तव्य नव्हते. त्याला भीती होती राज्यावरच्या विनोदाची. मल्हारराव गायकवाडांवरचा १८७५चा खटला आणि त्यावर रंगलेली नाटके, बंगालमधली निळीच्या मळेवाल्यांवरची टीका, या पार्श्वभूमीवर १८७६चा नाट्यप्रयोग कायदा आला. खाडिलकरांच्या 'कीचकवधा'तला कीचक म्हणजे लॉर्ड कर्झन, हे प्रेक्षकांनी ओळखले आणि मग सरकारनेही. १९१०मध्ये त्या नाटकावर बंदी आली. तमाशासाठी इतका मोठा कायदा लागत नसे. पोलिसपाटलाचा निरोप पुरे होई.

हास्याची दिशा पहिल्यांदा जाणीवपूर्वक वळवली ती सत्यशोधकांनी. जोतीराव फुल्यांनी १८७३मध्ये सत्यशोधक समाज स्थापन केला, आणि पुढच्या पिढीच्या कार्यकर्त्यांनी तमाशाचाच साचा उचलून जलसे उभे केले. गण-गौळण-वग हे अंग तेच, पण आता मूर्ख ठरत होता मुहूर्त काढणारा भटजी आणि व्याज मोजणारा सावकार. गावच्या शेतकऱ्याला हे हसू नवे होते, कारण आतापर्यंत त्या मंचावर हसण्याचा विषय तोच होता. १९२०च्या दशकात पुण्याच्या गणेशोत्सवात छत्रपती मेळ्याने हीच चाल शहरात आणली आणि प्रकरण रस्त्यावर गेले. त्याच वातावरणात १९२५मध्ये 'देशाचे दुश्मन' हे पुस्तक निघाले. टिळक-चिपळूणकरांवरच्या कडवट टीकेसाठी दिनकरराव जवळकर आणि केशवराव जेधे यांना खालच्या न्यायालयात शिक्षा झाली. अपिलात त्यांची बाजू मांडून त्यांना सोडवणारे वकील होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. पुस्तकाची भाषा सभ्य होती असे कोणी म्हणणार नाही. पण तिखट बोलण्याचा हक्क फक्त शिकलेल्या जातींचा का, हा प्रश्न त्या खटल्याने न्यायालयात नेऊन ठेवला.

१९३०च्या दशकात नाशिक भागात भीमराव कर्डक आणि त्यांच्या सोबत्यांनी आंबेडकरी जलसा उभा केला. तमाशातले काय ठेवायचे आणि काय टाकायचे याचा हिशेब इथे फार काटेकोर होता. ढोलकी राहिली, सवाल-जवाब राहिले, बतावणीचा चटका राहिला. नाची गेली. गणपतीचे स्तवन मागे पडले. जातीच्या लकबींवर हसू मागणारा सोंगाड्या गेला, आणि त्याच्या जागी उलट प्रश्न विचारणारा आला : विहिरीत कुत्रे उतरते ते चालते, माणूस का चालत नाही? अभिवादनाचा 'जोहार' गेला आणि त्या जागी पुढे 'जय भीम' आले. हा बदल कोणत्याही समितीने सुचवला नव्हता. ज्यांच्यावर हसले जात होते त्यांनीच मंच ताब्यात घेतला होता.

तमाशाविषयीची नावड फक्त पांढरपेशांची होती, हा समज इथे टिकत नाही. पठ्ठे बापूरावांनी महाडच्या सत्याग्रहासाठी तमाशाच्या उत्पन्नातून मदत देऊ केली आणि बाबासाहेबांनी ती नाकारली, असे सांगितले जाते. नाचणाऱ्या बाईच्या जिवावर मिळालेला पैसा चळवळीला नको, हा त्या नकाराचा अर्थ लावला जातो. पठ्ठे बापूराव म्हणजे मूळचे श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी, रेठरे हरणाक्षचे ब्राह्मण. पवळाबाईंसाठी आणि ढोलकीसाठी जात सोडून फडावर आलेले. एकाने खाली उतरून जवळ केलेली कला दुसऱ्याला वर चढण्यासाठी सोडावी लागत होती. दोघेही आपापल्या जागी खरे होते.

आता नावाचा प्रश्न. जानेवारी १९३८मध्ये मुंबई विधिमंडळात स्थानिक मंडळांच्या कायद्यातील दुरुस्तीवर चर्चा सुरू होती. मसुद्यात अस्पृश्यांसाठी 'हरिजन' हा शब्द होता. दादासाहेब गायकवाड आणि स्वतंत्र मजूर पक्षाच्या सदस्यांनी त्याला विरोध केला : ज्यांना हे नाव द्यायचे त्यांनी ते मागितलेले नाही. बहुमताने शब्द कायम ठेवला, तेव्हा आंबेडकर आपल्या सहकाऱ्यांसह सभागृहाबाहेर पडले. शब्द अपमानाचा नव्हता, उलट गौरवाचा म्हणूनच आणलेला होता. आक्षेप होता तो नाव ठेवणाऱ्याच्या अधिकाराला. त्या सरकारचे प्रमुख होते बाळ गंगाधर खेर.

दहा वर्षांनी याच खेरांच्या मंत्रिमंडळाने दुसऱ्या एका जमातीचे नाव आणि वळण सुधारायला घेतले. मोरारजी देसाई गृहमंत्री होते. १९४८मध्ये मुंबई सरकारने अश्लीलतेच्या कारणावरून तमाशावर बंदी घातली. हजारो कुटुंबांचे पोट या धंद्यावर होते. कलावंतांनी गाऱ्हाणी घातली, आणि महामहोपाध्याय दत्तो वामन पोतदारांच्या अध्यक्षतेखाली तमाशा सुधार समिती बसली. बंदी उठली ती अटींवर. वग लिहून द्यावा, तो आधी तपासून घ्यावा, द्व्यर्थी संवाद व अंगविक्षेप गाळावेत.

या अटीचा फडावर काय अर्थ होता, हे जरा थांबून पाहण्यासारखे आहे. ज्या कलेची संहिताच नव्हती तिला संहिता सादर करायला सांगितले गेले. बरेच सोंगाडे निरक्षर. कोणा शिक्षकाकडून वा मुनिमाकडून वग लिहवून घ्यायचा, मुंबईला पाठवायचा, शिक्का मारलेली प्रत पेटीत ठेवायची आणि यात्रेत पोलिसाने मागितली की दाखवायची. त्या प्रतीत जे असे ते मंचावर क्वचितच असे. अश्लील म्हणून जे खोडले ते रात्री दोननंतर परत येई, कारण प्रेक्षक त्यासाठीच थांबलेला असे. खरोखर बंद झाले ते वेगळेच. सरकारवरचा टोमणा आता दाखवता येण्याजोगा गुन्हा झाला : हे वाक्य मंजूर प्रतीत नाही. अंगविक्षेप कागदावर पकडता येत नाही, वाक्य पकडता येते. सुधारणेची कात्री चालवली अश्लीलतेसाठी, आणि तिच्या धारेखाली प्रथम आला सोंगाड्याचा राजावरचा हक्क. पेंद्या लंगडत राहिला, मावशी टाळी वाजवत राहिली. त्यांना कोणी हात लावला नाही, कारण तपासणाऱ्यांना त्यात आक्षेपार्ह काही दिसलेच नाही.

'लोकनाट्य' हा शब्द रूढ झाला तो याच काळात. वाटेगावचे अण्णाभाऊ साठे स्वतः तमाशाच्या घराण्यातले. अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर यांच्यासह त्यांनी १९४४मध्ये लाल बावटा कलापथक उभे केले होते. गणात गणपतीऐवजी मातृभूमी आणि कष्टकरी, वगात 'शेटजींचे इलेक्शन' आणि 'लोकमंत्र्याचा दौरा'. 'माझी मुंबई' या त्यांच्या वगावर सरकारने बंदी घातली. तमाशा या नावावरच संक्रांत आली तेव्हा अण्णाभाऊंनी त्याला लोकनाट्य हे नाव देऊन पळवाट काढली, असे श्रेय त्यांना सर्रास दिले जाते. श्रेय संपूर्ण त्यांचे असो वा नसो, युक्ती अव्वल होती : बंदी तमाशावर आहे ना? हे लोकनाट्य आहे.

पण नावाला पाय फुटले आणि ते भलतीकडे गेले. राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकाने, पु. ल. देशपांड्यांच्या 'पुढारी पाहिजे'ने आणि पुढे १९६५मध्ये वसंत सबनीसांच्या 'विच्छा माझी पुरी करा'ने लोकनाट्य शहरी नाट्यगृहात नेले. दादा कोंडक्यांचा सोंगाड्या तिकीट काढून आलेल्या मध्यमवर्गासमोर काँग्रेस सरकारची टोपी उडवत होता, आणि ते सर्वांना मान्य होते. तेच वाक्य यात्रेतल्या तंबूत बोलले तर फौजदार येई. 'लोकनाट्य' नाट्यगृहाचे झाले आणि 'तमाशा' तंबूत राहिला. तंबूवाल्यांनी मग दोन्ही शब्द फलकावर लिहिले : एक अर्जासाठी, एक गिऱ्हाइकासाठी.

सोंगाड्याला एकदा नवे लक्ष्य मिळाले की तो कोणाकडेही वळू शकतो. शाहीर साबळे पसरणीचे, पण त्यांच्या शाळेचे काही दिवस खानदेशात अंमळनेरला गेले आणि तिथेच त्यांना साने गुरुजींचा सहवास लाभला. त्यांचे 'आंधळं दळतंय' हे मुक्तनाट्य १९६६मध्ये आले. मुंबईत मराठी माणूस कसा मागे पडला याचा तो उपरोध होता. त्याच वर्षी जूनमध्ये शिवसेना स्थापन झाली. 'मराठी माणूस' ही ओळख घडण्यात त्या हशाचा वाटा होता, असे मानले जाते. खाली पाहून हसणे सोडून वर पाहून हसायला शिकलेला मंच आता शेजारी पाहून हसू लागला होता.

तपासणीची व्यवस्था मात्र पक्की होत गेली. १९५१चा मुंबई पोलीस अधिनियम आणि त्याखालच्या परवान्याच्या नियमांत मेळे आणि तमाशे यांचा नावानिशी उल्लेख राहिला. नाटकांसाठीही प्रयोगापूर्वी परिनिरीक्षण मंडळाची मंजुरी आवश्यक झाली. १९७२मध्ये तेंडुलकरांच्या 'सखाराम बाइंडर'वर या व्यवस्थेने घाला घातला, तेव्हा कमलाकर सारंग उच्च न्यायालयात गेले आणि जिंकले. त्या निकालाचा आनंद रास्तच होता. पण महिन्याला पंचवीस गावे फिरणाऱ्या फडमालकाला उच्च न्यायालय म्हणजे सुपारी बुडणे. मराठी अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा इतिहास बहुधा नाट्यगृहांच्या खटल्यांवरून लिहिला जातो, याचे कारण इतकेच की तंबूंनी खटले लढलेच नाहीत. १८७६चा कायदा संसदेने अखेर २०१८च्या प्रारंभी रद्द केला. पूर्वपरीक्षणाच्या नियमांना आव्हान देणारी अमोल पालेकरांची याचिका त्याआधीच, २०१६मध्ये, उच्च न्यायालयात दाखल झाली होती.

दरम्यान मंचाखालची माणसे बदलत होती. १९५६च्या धर्मांतरानंतर अनेक बौद्ध घरांनी गावकीच्या इतर कामांबरोबर ढोलकीही खुंटीला टांगली. फडांच्या नावांत जात असे, तिथे गाव आले : विठाबाईंचे पूर्ण नाव विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर, पण महाराष्ट्राला त्या नारायणगावकर म्हणूनच ठाऊक. १९८९च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याने जातीवरून चारचौघांत हेतुपुरस्सर अपमान करणे गुन्हा ठरवले. बतावणीतला हुकमी माल त्यामुळे धोक्याचा झाला खरा, पण त्याच्या आधीच तो निम्मा खपेनासा झाला होता. ज्यांच्या जातीवर विनोद करायचा ते आता मुलाबाळांसह पुढच्या रांगेत बसलेले असत आणि हसत नसत. हसू न येणाऱ्या प्रेक्षकापुढे कोणताही सोंगाड्या तोच विनोद तिसऱ्यांदा करत नाही.

सरकारने आपल्या बाजूने नावे बदलण्याचे काम चालू ठेवलेच. 'अपंग' जाऊन 'दिव्यांग' आले. डिसेंबर २०२०मध्ये राज्य मंत्रिमंडळाने महारवाडा, मांगवाडा, ब्राह्मणवाडा अशी वस्त्यांची जातिवाचक नावे काढून समतानगर, भीमनगर अशी नावे देण्याचे ठरवले. यांतला दुसरा निर्णय मागितलेला होता, पहिला बहुतेकांना आयता मिळाला. 'दिव्य' म्हणवून घ्यायची हौस नाही, उतरता चढता येईल असा जिना द्या, ही तक्रार म्हणूनच 'हरिजन'च्या वेळच्या तक्रारीची सख्खी बहीण वाटते.

राहिली मावशी. तिच्यावरचे हसू सर्वांत उशिरा प्रश्नांकित झाले. गणपत पाटलांनी मराठी चित्रपटांत नाच्या इतका हुबेहूब उभा केला की पडद्यावरची ती ओळख त्यांना आणि त्यांच्या घरच्यांना खऱ्या आयुष्यातही चिकटली. टाळी वाजवून हिणवणाऱ्यांना नट आणि भूमिका यांतले अंतर दिसत नव्हते. आनंद यादवांच्या 'नटरंग' कादंबरीने आणि २०१०च्या चित्रपटाने नाच्याची व्यथा घराघरांत नेली, तरी ती व्यथा होती मर्द गड्याला नाच्या व्हावे लागण्याची. जो जन्मतःच तसा आहे त्याचे काय, हे तिथेही विचारले गेले नाही. २०१४मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नाल्सा खटल्यात तृतीयपंथीयांना आपली लिंगओळख स्वतः ठरवण्याचा हक्क मान्य केला. त्या खटल्यातल्या अर्जदारांत महाराष्ट्राच्या गौरी सावंत होत्या. 'तृतीयपंथी' हा शब्द सरकारी कागदांत आणि वर्तमानपत्रांत स्थिरावला. जुना शब्द शिवी म्हणून उरला. या बदलावर विनोदवीरांची तक्रार जगभर एकच आहे : आता काही बोलायची सोय राहिली नाही. १९४८च्या फडमालकाला ही तक्रार शब्दशः करता आली असती, आणि त्याच्यापुढे खरोखर पोलीस उभा होता. आजच्या विनोदवीरापुढे बहुधा उभा असतो तो न हसणारा प्रेक्षक. या दोघांना एकाच मापाने मोजणे कायद्यालाही जमत नाही आणि चर्चेलाही.

जळगाव जिल्ह्यातल्या फैजपूरच्या शमिभा पाटील या तृतीयपंथी कार्यकर्त्या. २०२४च्या विधानसभा निवडणुकीसाठी वंचित बहुजन आघाडीने रावेर मतदारसंघातून त्यांची उमेदवारी जाहीर केली. रावेर-यावल हा केळीचा पट्टा. तंबूत मावशीने टाळी वाजवली की हसायचे, हे इथल्या प्रेक्षकाला कोणी शिकवावे लागत नाही. निवडणूक नोव्हेंबरात होती, म्हणजे दसऱ्याला उघडलेले फडही तेव्हा वाटेवर होते.